दारूचा कायदा आणि परगावचा माणूस



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून मला दोन तऱ्हेची माणसे भेटत आहेत. पहिला विचारतो, "दादा, दारू सोडा असे सांगणार ना?" दुसरा जरा बाजूला घेऊन विचारतो, "दादा, परवाना कुठे मिळतो तेही सांगणार ना?" दोघांचीही आज थोडी निराशा होणार आहे. प्यावे की पिऊ नये, हा ज्याच्या त्याच्या घरचा आणि वैद्याचा प्रश्न आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. परगावी गेलेला साधा माणूस दारूच्या कायद्यात सापडतो तो कसा, आणि नेमका साधाच माणूस का सापडतो, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

मी वकील नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या गेटावर झाले. तीस वर्षे कामगारांच्या संघटनेचे काम करताना पगार, बोनस, अपघात यांची प्रकरणे पाहिली. आणि त्यांच्याच जोडीला दरवर्षी दोन-चार अशी प्रकरणे आली, की ज्यांत माणूस चोर नव्हता, गुंड नव्हता, फक्त नवखा होता.

आपले ओझर हे पाहुण्यांचे गाव आहे. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे, विमानतळ आहे, दारावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. द्राक्षाच्या हंगामात मजुरांच्या टोळ्या येतात. कंत्राटी कामावर बिहारचा, ओडिशाचा, उत्तर प्रदेशचा तरुण येतो. अलीकडे नाशिकची वाइन चाखायला मुंबईचे आणि सुरतेचे प्रवासीही येतात. यांतला प्रत्येक जण आपल्या गावचा कायदा खिशात घालून येतो. जे माझ्या गावी चालते ते इथेही चालत असेल, असे त्याला मनापासून वाटते. आणि आपणही परगावी जातो तेव्हा नेमके हेच करतो.

आता इथल्याच एका पाटीपासून सुरुवात करू. महामार्गाने जाताना जागोजागी लिहिलेले दिसते, 'परमिट रूम'. परप्रांतीय माणसाला याचे नवल वाटते. दारू पिण्याच्या जागेला परमिट रूम का म्हणावे? आपल्याला नवल वाटत नाही, कारण आपण ती पाटी वाचायचेच सोडून दिले आहे. परंतु त्या दोन शब्दांत सत्तर वर्षांहून जुना इतिहास आहे. महाराष्ट्रात दारूचा जो कायदा आहे त्याचे नाव दारू-विक्री कायदा नव्हे. त्याचे नाव आहे दारूबंदी अधिनियम, १९४९. मोरारजीभाई देसाई गृहमंत्री असताना जुन्या मुंबई राज्याने तो केला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर बंदी आली. १९५१ साली बलसारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. पुढे १९६० च्या १ मे रोजी राज्याचे दोन भाग झाले. एकच कायदा दोघा भावांच्या वाटणीला आला. गुजरातने बंदी चालू ठेवली. महाराष्ट्राने साठ-सत्तरच्या दशकांत परवान्यांची दारे हळूहळू उघडली. पण घर तेच राहिले! आजही आपल्याकडे नियम बंदीचा आहे आणि पिणे हा अपवाद आहे. तो अपवाद म्हणजे परवाना, आणि परवाना असलेल्याने बसायची खोली म्हणजे परमिट रूम.

हा परवाना एका दिवसाचा असतो, वर्षाचा असतो आणि आजन्मही असतो. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभराला, आजन्म हजाराला. देशीसाठी एका दिवसाचा दोन रुपयांना. वयाचीही अट आहे. वाइन आणि सौम्य बिअर यांना एकवीस वर्षे, इतर दारूला पंचवीस. म्हणजे अठराव्या वर्षी आमदार-खासदार निवडायचा, एकविसाव्या वर्षी लग्न करायचे, आणि देशीच्या दुकानात पाऊल टाकायला मात्र पंचवीस उजाडावी लागतात. हसू नका, कायदा असाच आहे.

आता मला सांगा, या सभेत बसलेल्यांपैकी किती जणांनी हा परवाना डोळ्यांनी पाहिला आहे? पुष्कळ दुकानांत तो कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. बाटली कागदात गुंडाळली जाते, पैसे गल्ल्यात पडतात, व्यवहार संपला. मग कायदा मेला का? नाही. तो झोपला आहे. आणि झोपलेल्या कायद्याचा एक मोठा दोष असा, की तो कोणासाठी जागा व्हायचा हे दुसराच कोणी तरी ठरवतो. मोटारीतून उतरणाऱ्या गृहस्थाला परवाना विचारला जात नाही. रात्रपाळी संपवून खोलीवर चाललेल्या, मराठी न येणाऱ्या, पिशवीत एक क्वार्टर असलेल्या पोराला तो विचारला जातो. दोघांनी केलेली गोष्ट एकच. पण एकाला कायदा माहीत आहे, निदान कायदा जाणणारा माणूस फोनवर आहे. दुसऱ्याला कोणीच नाही. माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे: कायदा ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो कायदा राहत नाही, कायदा जाणणाऱ्याच्या हातातला चाबूक होतो.

कोणी म्हणेल, देश एक आहे, तर दारूचा कायदा एक का नाही? याचे उत्तर आपल्या राज्यघटनेत आहे. मादक पेये हा विषय घटनेने राज्यांच्या यादीत घातला आहे. सत्तेचाळीसावे कलम राज्यांना सांगते की औषधाव्यतिरिक्त मादक पेयांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न करा. आणि त्याच राज्यांच्या तिजोरीत दारूवरच्या करातून मोठी रक्कम येते. पिण्याची दारू वस्तू-सेवा कराच्याही बाहेर ठेवली आहे. तिच्यावरचा कर राज्यांनी आपल्याच हाती राखला. एका कानात घटनेचा उपदेश, दुसऱ्या कानात तिजोरीचा खुळखुळाट, आणि दोहोंच्या मध्ये प्रत्येक राज्याने आपापली वाट काढलेली. म्हणून हद्द ओलांडली की कायदा बदलतो.

हद्द काही लांब नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांना गुजरात लागून आहे. सुट्टी मिळाली की आपली मंडळी वणीवरून सापुताऱ्याला जातात. सापुतारा डांग जिल्ह्यात, म्हणजे गुजरातेत. नाशिकच्या दुकानातून रीतसर घेतलेली, सीलबंद बाटली सामानात असते. नाक्यावर झडती होते. आपला माणूस मोठ्या आत्मविश्वासाने बिल काढून दाखवतो: "साहेब, चोरीची नाही, पैसे देऊन घेतली आहे." अशी दोन-तीन प्रकरणे माझ्यापर्यंत आली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्या बिलाची कीव आली. कारण गुन्हा चोरीचा नाहीच. बाटली राज्यात आणण्याचा आहे. सुटकेसाठी दाखवलेला कागद पुराव्याला लागतो. गुजरातने २०१७ साली शिक्षा वाढवली; दारूची वाहतूक आणि खरेदी-विक्री यांना दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीही अडकते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशासाठी तिथे तात्पुरत्या परवान्याची सोय आहे, पण तो आधी घ्यायचा असतो, पकडल्यावर नव्हे. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती सवलत जाहीर झाली. तिची बातमी वाचून 'गुजरात उघडला' असे समजणारेही भेटले. गुजरात उघडला नाही. एका वसाहतीचे एक दार किलकिले झाले.

त्याच बाजूला दमण आणि सिल्वासा आहेत. तिथे दारूला बंदी नाही. पण दमणहून सिल्वाशाला जायचे तर मध्ये वापी लागते, आणि वापी गुजरातेत! म्हणजे दोन्ही टोकांना जी वस्तू कायदेशीर, ती मधल्या रस्त्यावर गुन्हा. नकाशा न पाहता निघालेल्या माणसाने काय करावे?

आता दक्षिणेकडे चला. गोव्यात अठरा वर्षांच्या तरुणाला दारू विकत मिळते, आणि स्वस्त मिळते. आपल्या कारखान्यातली शिकाऊ पोरे सहलीला जातात आणि येताना बाबांसाठी नाही तर मित्रांसाठी दोन बाटल्या आणतात. सिंधुदुर्गात शिरताना बांद्याजवळ इन्सुलीचा उत्पादन शुल्काचा नाका आहे. गोव्याचा कर भरलेली बाटली महाराष्ट्राच्या दृष्टीने कर न भरलेलीच असते; परवान्याशिवाय ती इकडे आणता येत नाही. आणि गोव्यातही सारे मोकळे नाही. समुद्रकिनाऱ्यावर उघड्यावर पिणे आणि बाटल्या फोडणे यांवर २०१९ साली तिथे दंड बसवला गेला. यजमानाने दार उघडे ठेवले म्हणजे अंगणात कचरा टाकायची परवानगी दिली असे होत नाही.

बिहारी बांधवांसाठी तर हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. बिहारमध्ये २०१६ च्या एप्रिलपासून पूर्ण बंदी आहे. इकडे वर्षभर राबलेला पोरगा छठपूजेला घरी निघतो. आठ महिने त्याला इथे कोणी अडवलेले नसते. गाडीत मित्रांबरोबर दोन घोट घेतो आणि स्टेशनवर उतरतो. त्याला वाटते, मी तर बिहारबाहेर प्यालो. पण तिथला कायदा कुठे प्यालास हे विचारत नाही. नशेत सापडलास एवढे त्याला पुरते. २०२२ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी दंड भरून सुटण्याची सोय झाली. तरीही सणाला निघालेला माणूस ठाण्यात बसला, तर वर्षभराच्या कमाईचा आनंद गेलाच.

इतके दूर कशाला, महाराष्ट्राच्या आतसुद्धा कायदा एक नाही. वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्यामुळे बंदीचा. गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. नागपूरहून बल्लारपूरला बदली झालेल्या माणसाने कोणत्या सालचा कायदा लक्षात ठेवावा? आणि त्याच रेल्वेमार्गावर वर्धा लागते, ते आजही कोरडेच आहे.

जागेप्रमाणे दिवसही बदलतो. २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, आषाढी एकादशी, असे कोरडे दिवस आपल्याला ऐकून ठाऊक आहेत. पण परप्रांतातल्या माणसाला आषाढी ठाऊक असेलच असे नाही, आणि आपल्याला त्याच्या गावचे दिवस ठाऊक नसतात. निवडणुकीचा नियम मात्र देशभर सारखा आहे: मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे अठ्ठेचाळीस तास विक्री बंद. रस्त्याचा नियमही सारखाच. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्य असताना गाडी चालवली, तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. खिशातला आजन्म परवाना इथे कामाला येत नाही. परवाना पिण्याचा असतो, चाक धरण्याचा नव्हे.

महामार्गाचे आपल्याला आठवतच असेल. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकाने बंद करण्याचा निकाल दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. मग वीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी अंतर दोनशे वीस मीटर केले, आणि पुढे नगरपालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना तो निकाल आड येत नाही असा खुलासा झाला. सात महिन्यांत तीन पालट! मालकांचे वकील दिल्लीला गेले. त्या दुकानांत बाटल्या धुणारे आणि टेबले पुसणारे कामगार कुठे गेले, याची मोजदाद कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही.

या सगळ्या कायद्यांत एक कायदा मात्र मला मनापासून आवडतो, तो म्हणजे आडव्या बाटलीचा. २००८ च्या आदेशाने गावाला आणि वॉर्डाला असा अधिकार मिळाला, की पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावे. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ध्यानात घ्या, आलेल्या मतांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्मी. घरात बसून राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. अशा गावी जेव्हा दुकान बंद दिसते तेव्हा पाहुण्याने कुरकूर करू नये. ते कुलूप सरकारने लावलेले नाही. पगाराच्या दिवशी दाराशी वाट पाहत बसलेल्या बायकांनी ते लावले आहे.

कुलूप लागले की नवखा माणूस काय करतो? तो विचारतो, "कहीं और मिलेगी क्या?" आणि कोणी तरी त्याला हातभट्टीची वाट दाखवतो. इथे माझा सूर बदलतो, कारण ही आता कायद्याची गोष्ट राहत नाही, जिवाची होते. २००४ साली विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे मेली. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत शंभरांहून अधिक. २०२२ साली गुजरातेत बोटाद भागात चाळिसांहून अधिक. या प्रकरणांत घातक ठरले ते मिथाइल अल्कोहोल. ते कारखान्यात वापरायचे रसायन आहे. दिसायला पाण्यासारखे, नशाही तशीच. पण शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते, डोळ्यांची नस जळते आणि पुढे माणूस जातो. उलटी, पोटदुखी, नजर धूसर, अशी लक्षणे दिसली तर झोपवून ठेवू नका. वेळ न घालवता सरकारी इस्पितळ गाठा आणि काय प्यालो ते डॉक्टरला खरे सांगा. पोलिसाच्या भीतीने खोटे बोललेला माणूस कोर्टात वाचतो, पण खाटेवर मरतो.

कारखान्यापुरते दोन शब्द. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यापासून कामाच्या जागी नशेत असणे ही गैरवर्तणूक ठरत आली आहे. त्यात नोकरी जाऊ शकते. आणि आपल्या गावाला लागू पडणारी एक गोष्ट: सैनिकी कँटीनची बाटली ही हक्कदाराच्या वापरासाठी असते. ओळखीने मिळते म्हणून ती विकत घेऊ नका. विकणाराही अडकतो, घेणाराही.

मालकांनाही मला काही सांगायचे आहे. १९४९ साली, म्हणजे आपला दारूबंदीचा कायदा झाला त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने वेतनसंरक्षणाचा ठराव केला. त्यात असे आहे की मजुरी दारूच्या रूपात कोणत्याही परिस्थितीत देऊ नये, आणि दारूच्या गुत्त्यात पगार वाटू नये. जगभरच्या मजुरांनी सोसले म्हणून हे लिहावे लागले. आपल्याकडे आजही एखादा मुकादम उचल देताना निम्मी रोख आणि निम्मी बाटलीत देतो. त्याला जो उदारपणा समजतो त्याने हिशेब पुन्हा मांडावा.

मग करायचे काय? परगावी जाणाऱ्याने तीन प्रश्न विचारायचे: इथे चालते का, माझ्या वयाला चालते का, आणि आज चालते का? चौथी गोष्ट, हद्द ओलांडताना बाटली बरोबर नेऊच नये. तिच्यापेक्षा तिकीट महाग असते. पिणाऱ्याने पाच रुपयांचा परवाना खरोखर घ्यावा. पाच रुपयांत एक चाबूक विकत घेऊन मोडता येतो, इतका स्वस्त सौदा दुसरा नाही. आणि पकडले गेलात तर हुज्जत नको, पळणे नको. अटकेचे कारण विचारण्याचा, वकील भेटण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क घटनेच्या बाविसाव्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे. भाषा न येणाऱ्यालाही. दंड भरलात तर पावती घ्या. पावती नसेल तर तो दंड नव्हे.

यजमानाचेही कर्तव्य आहे. पाहुणा घरात आला की चपला कुठे काढायच्या हे आपण त्याला सांगतो. न सांगता अंगावर ओरडत नाही. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी हेल्मेट आणि बूट देतात, त्याच दिवशी त्याच्या भाषेत लिहिलेला एक कागदही द्या. वय किती, परवाना कुठे, कोरडे दिवस कोणते, हातभट्टीचा धोका काय, एवढ्या चार ओळी. बस थांब्यावर, वाइनच्या दुकानाबाहेर आणि द्राक्षबागेच्या मजुरांच्या झोपड्यांपाशी मराठीबरोबर हिंदीतही ती पाटी लागू द्या. खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे.

आणि सरकारकडे मागणी एकच. परवाना हवा असेल तर तो सर्वांना मागा. मोटारवाल्यालाही, पायी चालणाऱ्यालाही. नको असेल तर कायद्यातून काढून टाका. दोन्ही चालेल. पण पुस्तकात ठेवायचा, दुकानात विसरायचा आणि गरिबाच्या झडतीत आठवायचा, हे चालणार नाही. जो कायदा सर्वांना सारखा जागा नसतो, तो दारू थांबवत नाही. तो फक्त माणसे निवडतो.

आपल्यापैकी कोणी उद्या त्या पाटीचे काम हाती घेणार असेल, तर रंगाचा डबा संघटनेकडून येईल.